दारातल्या गुलाबाचं माहेर

आज गुलाबाविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मोरीच्या पाण्यावर एक गावठी गुलाब वाढलेला होता. फूल फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च, आणि वास असा की सकाळी मागचं दार उघडलं की आधी तोच घरात यायचा. सासूबाई दोन फुलं देवाला वाहायच्या, एक अंबाड्यात खोवायच्या आणि उरलेल्या पाकळ्या खडीसाखरेच्या बरणीत टाकायच्या. पुढे आम्ही घर बांधायला काढलं. मागच्या अंगणात कोबा झाला आणि गवंड्यानं गुलाब मुळासकट काढून टाकला. त्याला कोणी अडवलं नाही, मीही नाही. संध्याकाळी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "एखादी फांदी तरी ठेवलीस का गं?" मी ठेवली नव्हती.

मनाला लागलं म्हणून आठवडी बाजारातून लाल गुलाबाचं कलम आणलं. वर्षभर छान फुललं. मग बुडातून एक जोमदार फूट निघाली आणि सरसर वाढून माझ्या डोक्याच्या वर गेली. मी आपली खूश. इकडे लाल फुलाची फांदी हळूहळू वाळून गेली. दोन वर्षं मी पाणी घातलं, शेणखत घातलं, पण एक कळी दिसली नाही. शेवटी रोपवाटिकेत कामाला जाणारी एक बाई घरी आली होती. तिनं झाड बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमचा गुलाब कधीच गेला. तुम्ही दोन वर्षं खुंटाला पाणी घालताय."

मला हसूही आलं आणि रडूही. सोयरीक करताना आपण घराणं विचारतो. शेळी विकत घेतानासुद्धा तिची आई किती दूध द्यायची ते विचारतो. पण दारात झाड लावताना त्याचं माहेर कुठलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर मात्र विचारत गेले, वाचत गेले. आणि लक्षात आलं की छाटणी का करायची, खुंट कशाला असतो, पानांवर काळे ठिपके कुठून येतात, बाजारातल्या फुलाला वास का नसतो, या सगळ्याची उत्तरं गुलाबाच्या इतिहासात आहेत. तोच आज सांगते.

आधी नावापासून. 'गुलाब' हा शब्द फारसी आहे. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब या शब्दाचा मूळ अर्थ गुलाबपाणी. आपल्याकडे लग्नाकार्यात 'अत्तर-गुलाब झालं' असं जुन्या बायका म्हणतात, तेव्हा त्यांचा गुलाब म्हणजे गुलाबदाणीतून शिंपडलेलं पाणीच असतं. पाण्याचं नाव पुढे फुलालाच चिकटलं. गुलकंदाचंही तसंच. गुल म्हणजे फूल आणि कंद म्हणजे साखर.

आपल्या देशात गुलाब नव्हतेच असं मात्र नाही. हिमालयात, बंगालच्या दलदलीत, मणिपूरच्या डोंगरांत आपले स्वतःचे रानगुलाब आहेत. पण ते साध्या पाच पाकळ्यांचे. पाकळ्यांनी भरलेला, अत्तर देणारा गुलाब मध्ययुगात इराण-अफगाणिस्तानच्या वाटेनं इकडे आला. दमास्कस शहरावरून त्याला दमास्क गुलाब म्हणतात. उत्तर प्रदेशात गाझीपूर-कनौजकडे तो अत्तरासाठी लावतात आणि त्याला 'चैती गुलाब' म्हणतात, कारण तो चैत्राच्या सुमारास फुलतो. आपल्या नाशिकचं मुघल काळातलं नाव गुलशनाबाद होतं. गुलशन म्हणजे फुलबाग.

या गुलाबाशी एका बाईचं नाव जोडलेलं आहे. जहांगीर बादशहाची बेगम नूरजहान आपल्याला माहीत असते. तिची आई अस्मत बेगम. जहांगीरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की या सासूबाई गुलाबपाणी काढत होत्या. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतलं की त्यावर तवंग धरतो, असं त्यांच्या लक्षात आलं. दुसरी कोणी असती तर काढून फेकला असता. त्यांनी तो थोडा थोडा करून साठवला. तेच गुलाबाचं अत्तर. त्याला बादशहाचं नाव मिळालं, 'इत्र-ए-जहांगिरी', आणि सासूबाईंना मोत्यांची माळ मिळाली. दुधावरची साय बाजूला काढणाऱ्या आपण बायका, आपल्याला हे लगेच कळतं. आज १ किलो अस्सल गुलाब-अत्तरासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. तो तवंग किती पातळ असेल, याचा अंदाज यावरून करा.

पण या गुलाबाची एक अडचण होती. तो वर्षातून एकदाच मनापासून फुलायचा. महिना-दीड महिना बहर आणि मग नुसती पानं. युरोपातले जुने गुलाबही बहुतेक असेच होते.

गुलाबाचं दुसरं माहेर आहे चीन. चिनी लोकांनी शेकडो वर्षं जपलेले गुलाब वेगळे होते. झुडूप नाजूक, फूल लहान, वास बेताचा, पण ते फुलायचं थांबत नसत. एक बहर संपला की नवी फूट, आणि फुटीच्या टोकाला पुन्हा कळी. १७९० नंतरच्या काळात हे बारमाही गुलाब जहाजांनी युरोपात जाऊ लागले. त्यांतले काही वाटेत कलकत्त्याला उतरत. तिथे १७८७ साली कंपनी सरकारनं वनस्पती-बाग काढली होती. तिथून रोपं पुढे जात, म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'बंगालचा गुलाब' म्हणू लागले. माल चीनचा आणि नाव बंगालचं!

या दोन माहेरांची गाठ पडली ती हिंदी महासागरातल्या एका बेटावर. मॉरिशसच्या शेजारी रीयुनियन नावाचं बेट आहे. मॉरिशस आपल्याला परकं नाही, आपल्या कोकणातली माणसं तिथे मजुरीला गेली आणि त्यांची पुढची पिढी आजही मराठी सण करते. तर या शेजारच्या बेटाला त्या काळी बुर्बों म्हणत. तिथले शेतकरी कुंपणाला गुलाब लावत. कुठे दमास्क जातीचा, कुठे चिनी गुलाबी. १८१७ च्या सुमाराला अशा कुंपणांमध्ये एक वेगळंच रोप आपोआप उगवलेलं सापडलं. बी पडलं, रुजलं, आणि कोणीतरी ते तण समजून उपटलं नाही, एवढंच. त्याला वास एकीकडचा आणि पुन्हा पुन्हा फुलायची सवय दुसरीकडची. त्याचं बी पॅरिसला गेलं आणि तिथून बुर्बों गुलाबांचं घराणं सुरू झालं. ते पहिलं रोप 'एदुआर' म्हणून ओळखलं जायचं. आपल्याकडे त्याचंच झालं 'एडवर्ड'.

पुढच्या पन्नास वर्षांत फ्रान्समधल्या माळ्यांनी असे शेकडो संकर केले. १८६७ साली गियो नावाच्या माळ्याकडे 'ला फ्रान्स' हा गुलाब तयार झाला. लांब दांडा, टोकदार कळी, आणि थंडी येईपर्यंत सतत फुलं. आज नर्सरीत आपण जो मोठ्या फुलाचा गुलाब घेतो, त्या 'हायब्रीड टी' घराण्यातला पहिला म्हणून त्याला मान देतात. 'टी' म्हणजे चहा. चहाच्या वासाशी मिळत्याजुळत्या वासाचा एक चिनी गुलाब या घराण्याच्या पूर्वजांत आहे, म्हणून ते नाव.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा माझ्या कात्रीशी काय संबंध? आहे. चिनी रक्ताच्या या गुलाबाला थांबणं माहीत नाही. थंड देशात हिवाळाच त्याला सक्तीनं झोपवतो. पानं गळतात, झाड विसावा घेतं. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. मग झाड वर्षानुवर्षं उंच होत राहतं, काड्या बारीक होतात, फुलं लहान पडतात. बारा महिने राबणाऱ्या बाईला कोणीतरी 'चार दिवस माहेरी जाऊन ये' म्हणावं लागतं, तसं या झाडाला आपण थांबवावं लागतं. छाटणी ही त्याची विश्रांती.

पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जमिनीतल्या झाडाचं पाणी आठ-दहा दिवस तोडा. कुंडीतल्या झाडाचं पूर्ण तोडू नका, फक्त कमी करा. मग धारदार कात्री घ्या. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या आधी काढा. तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवा आणि त्या जमिनीपासून साधारण दीड फुटावर कापा. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरका घ्या. म्हणजे नवी फूट बाहेर जाते, झाडाच्या पोटात हवा खेळते. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवायचा आणि मग एकत्र ढवळायचा. लोखंडी भांडं वापरू नका, आणि उरलेली पेस्ट मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मग बुडाशी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पाणी द्या. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर छाटलेला गुलाब मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवीला मिळतो.

पण एक लक्षात ठेवा. गावठी गुलाबाला हाच नियम डोळे झाकून लावू नका. तो वर्षभर थोडी थोडी फुलं देत असेल, तर तो एडवर्डसारख्या मिश्र घराण्यातला आहे. त्याला ही छाटणी चालते, फक्त इतकी खोल नको. पण फाल्गुन-चैत्रातच बहरून नंतर गप्प बसत असेल, तर तो दमास्कच्या घराण्यातला समजा. गाझीपूरकडचे शेतकरी त्याची छाटणी डिसेंबरच्या सुमारास करतात आणि फुलं मार्च-एप्रिलला घेतात. त्याच्या मागे 'तू वर्षभर का फुलत नाहीस' म्हणून लागण्यात अर्थ नाही. ती त्याची रीतच आहे.

आता पिवळ्या गुलाबाची गोष्ट. 'ला फ्रान्स' आला तेव्हाही युरोपातल्या मोठ्या फुलांत गडद पिवळा रंग नव्हता. लिऑन शहरातला पेर्ने-ड्युशे नावाचा माळी त्याच्या मागे लागला. इराणकडचा एक भडक पिवळा गुलाब घेऊन त्यानं कित्येक वर्षं संकर केले आणि १९०० साली 'सोलेल दोर', म्हणजे सोन्याचा सूर्य, नावाचा गुलाब जगापुढे आणला. आज पिवळे, केशरी, ज्वालेसारखे जे गुलाब आपण बघतो, त्यांच्या रंगाचं मूळ तिथे आहे. पण हुंड्याबरोबर कर्जही यावं तसं झालं. त्या इराणी पिवळ्या गुलाबाला पानांवर काळे ठिपके पडण्याचा रोग फार लवकर होतो. रंगाबरोबर ती खोडही पुढच्या पिढ्यांत उतरली.

म्हणून पावसाळ्यात पिवळ्या-केशरी गुलाबाची पानं काळे ठिपके पडून गळली, तर कोणाची दृष्ट लागली असं समजू नका. तो रोग बुरशीचा आहे. पान बराच वेळ ओलं राहिलं की बुरशी रुजते. त्यामुळे पाणी सकाळी द्या आणि बुडाशी द्या, पानांवर शिंपडू नका. गळलेली पानं झाडाखाली कुजू देऊ नका, गोळा करून जाळा. झाडाला दिवसात सहा तास तरी ऊन हवं. भिंतीच्या सावलीत, पागोळ्यांखाली लावलेला गुलाब कधी निरोगी राहत नाही. मावा किंवा तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून घ्या, थोडं साबणाचं पाणी घालून फवारा.

आता माझ्या फजितीकडे येते. माझ्या दारात जे वाढलं, तो खुंट कुठून आला? संकर करून काढलेले हे गुलाब दिसायला देखणे असतात, पण पुष्कळांची मुळं नाजूक असतात. शिवाय त्यांचं बी लावलं तर तेच फूल येत नाही. म्हणून माळी काय करतात, तर काटक गुलाबाचं रोप आधी वाढवतात, त्याच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देतात आणि त्यात हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवतात. याला डोळा भरणं म्हणतात. खाली मुळं एकाची, वर फूल दुसऱ्याचं. रीयुनियन बेटावरचा तो एडवर्ड आपल्या देशात खुंट म्हणूनही वापरला गेला. इतिहासात मानानं आलेला गुलाब, आणि नर्सरीत दुसऱ्याचं ओझं वाहणारा!

खुंटाला स्वतःचा जीव असतोच. संधी मिळाली की तो स्वतःची फूट काढतो, आणि काटक असल्यामुळे वरच्या गुलाबाचं अन्न खाऊन टाकतो. माझ्याकडे तेच झालं. म्हणून कलम लावताना जोडाची गाठ जमिनीच्या दोन इंच वर ठेवा, मातीत गाडू नका. गाठीच्या वर आलेली फूट आपली. गाठीच्या खालून किंवा मातीतून आलेली फूट खुंटाची. एका पानाला सात पानोळ्या दिसल्या की रानटी, असं बायका सांगतात. पण ती खूण प्रत्येक वेळी खरी ठरत नाही, काही चांगल्या गुलाबांनाही सात असतात. फूट कुठून निघाली तेच बघा. आणि खुंटाची फूट नुसती वरून कापू नका. माती बाजूला करून जिथून निघाली तिथून ओढून काढा. वरून कापली की एकीच्या चार होतात.

डोळा भरण्याची ही युक्ती किती लांबवर जाते, याची एक गोष्ट सांगते. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मेयाँ नावाच्या तरुण माळ्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एक पिवळा, गुलाबी कडांचा मोठा गुलाब तयार केला. जर्मन फौजा देशात शिरल्या. सांगतात की अमेरिकेचा अधिकारी मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या सामानात डोळ्यांच्या कांड्यांचं छोटं पुडकं गेलं. त्या कांड्यांवरून तिकडे हजारो झाडं झाली. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकेत त्या गुलाबाचं नाव ठेवलं 'पीस', म्हणजे शांती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन करायला सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या देशोदेशींच्या प्रतिनिधींना याच गुलाबाचं एक-एक फूल दिलं गेलं.

फ्रान्सिसनं मात्र त्याला आपल्या आईचं नाव दिलं होतं, 'मादाम ए. मेयाँ'. आता गंमत बघा. आईचं स्वतःचं नाव क्लाउडिया. 'ए' हे तिच्या नवऱ्याच्या, आंत्वानच्या नावाचं अक्षर. ती स्वतः गुलाब पैदा करणाऱ्या माळ्याची मुलगी होती, म्हणजे विद्या तिच्या माहेरातही होती. पण फुलावर तिचं नाव आलं ते नवऱ्याच्या नावानं, आणि जगात तेही टिकलं नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव शोधणाऱ्या बायकांना ही गोष्ट फार वेगळी वाटणार नाही.

आपल्या देशात डॉ. बी. पी. पाल नावाचे मोठे शेतीशास्त्रज्ञ होऊन गेले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते १९६५ साली पहिले महासंचालक झाले. गव्हावर त्यांचं मोठं काम आहे, आणि गुलाबाचा त्यांना नाद होता. आपल्या उन्हाला टिकतील अशा जाती त्यांनी काढल्या. कोडाईकनालचे विराराघवन पती-पत्नी, विरू आणि गिरिजा, यांनी आपल्या मणिपूर-बंगालच्या रानगुलाबांशी संकर करून उष्ण हवेचे गुलाब तयार केले. त्यांच्या एका पिवळ्या गुलाबाचं नाव आहे 'ई. के. जानकी अम्मल'. जानकी अम्मल या १८९७ साली केरळात जन्मलेल्या वनस्पतीशास्त्रज्ञ. त्यांनी १९३१ साली अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवली आणि कोइंबतूरला उसावर संशोधन केलं. त्यांनी लग्न केलं नाही. फुलावर त्यांचं स्वतःचं नाव आहे.

शेवटचा मुद्दा वासाचा, आणि तो आपल्या जिवाशी संबंधित आहे. १९९० नंतर मावळात, तळेगाव दाभाड्याच्या बाजूला, पॉलीहाऊसमधली गुलाबशेती वाढली. तिथली फुलं १४ फेब्रुवारीच्या सुमाराला परदेशी जातात. या गुलाबांची निवड झाली ती लांब दांडा, प्रवासात टिकणं आणि फुलदाणीत बरेच दिवस ताठ राहणं यासाठी. वास या यादीत नव्हता, म्हणून तो बहुतेकांतून गेला. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे तोडणीला आणि प्रतवारीला जातात. तिथे किडीवर आणि भुरीवर वारंवार औषधं फवारली जातात. हातमोजे, तोंडाला फडकं आणि जेवणाआधी साबणानं हात धुणं, एवढं तरी सोडू नका. आणि तिथली किंवा हारवाल्याकडची उरलेली फुलं स्वस्त मिळतात म्हणून त्यांचा गुलकंद कधी करू नका. काही औषधं पाकळ्यांच्या आतपर्यंत जातात, धुऊन जात नाहीत. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाची सुरुवातीची फुलंसुद्धा देवाला वाहा, पोटात घेऊ नका. गुलकंद फक्त घरच्या, न फवारलेल्या गावठी गुलाबाचाच. पाकळ्यांइतकीच खडीसाखर, काचेच्या बरणीत एकावर एक थर, आणि दोन-तीन आठवडे ऊन. बचत गटाचा गुलकंद विकायचा असेल तर आधी झाडं लावा, मग बरण्या आणा.

आता सासूबाईंच्या गुलाबाचं काय झालं ते सांगते. बरीच वर्षं आधी माझी धाकटी नणंद बाळंतपणाला आली होती. जाताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून त्याची एक फांदी नेली होती. कोणाच्या लक्षातही नव्हतं. गेल्या जूनमध्ये मी तिच्या गावी गेले, तर तिच्या विहिरीजवळ तेच झुडूप, तोच वास. मी पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या सहा काड्या आणल्या. प्रत्येकीला तीन-चार डोळे. खालचा काप तिरका दिला, खालची पानं काढली, दोन डोळे मातीत जातील अशा रोवल्या आणि सावलीत ठेवल्या. मुळं फुटली का म्हणून उपटून बघायचा मोह आवरला. दीड महिन्यानं चार काड्या जगल्या. गावठी गुलाब असा नुसत्या काडीवर येतो, त्याला खुंट लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. माघात पहिलं फूल आलं तेव्हा सासूबाईंनी ते नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "हाच."

आम्ही आमच्याकडे राखला असता तर तो कोब्याखाली गेलाच होता. दिला म्हणून राहिला. कलकत्त्याच्या बागेतून, बेटावरच्या कुंपणातून, युद्धातल्या त्या पुडक्यातून गुलाब असाच राहिला आहे.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. गावात कोणाकोणाकडे जुना वासाचा गुलाब आहे, त्याची यादी करा. तो कधी फुलतो, कोणी कुठून आणला, हे त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून वहीत लिहा, आणि तिचं नावही लिहा. घर बांधायला काढणार असाल तर गवंडी यायच्या आधी काड्या काढा. आणि पाऊस सुरू झाला की प्रत्येकीनं निदान दोघींना काडी द्या. माझ्याकडे दोन रोपं जास्तीची आहेत. बैठकीला घेऊन येते.